खारपाणपट्ट्यात आमच्या विहिरीचं पाणी

त्या दिवशी भरतीला खाडीचा बांध फुटला. माझा भाऊ वसंत उघाडीच्या फळ्या बसवायला गेला होता. ओहोटी लागल्यावर तो सापडला.

या गोष्टीला दोन पावसाळे झाले. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला फळ्या लावून खाडीचं पाणी बाहेर अडवायचं. रायगडातल्या आमच्या खाडीकाठच्या गावाची भातशेती या दारावर चालते. वसंतदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं, त्याने बांध सांभाळला. मी लग्न केलं नाही. त्याच्याच घरात राहिलो, अजून राहतो.

बांध फुटला त्या वर्षी भात गेलं. पुढच्या वर्षी पेरलं ते उगवलं नाही. मग एकेक विहीर मचूळ होत गेली. राहिली ती देवळामागची. दरवर्षी वैशाखात दादा त्या विहिरीत उतरून गाळ काढायचा. तो गेल्यावर गावाने मिळून बांध पुन्हा घातला. ती एक विहीर तरी गोड राहिली, याचा आम्हाला आधार वाटायचा. दादाच्या बायकोला, सुलभावहिनीला, तर त्याहून जास्त काहीतरी वाटायचं. ती रोज सकाळी स्वतः जाऊन दोन हंडे आणायची, दुसऱ्या कुणाला आणू द्यायची नाही.

खाडीकाठच्या गावांत काम करणारी एक संस्था आमच्याकडे येऊ लागली होती. त्यांची पद्धत अशी की ते आल्या आल्या उपाय सांगत नाहीत. शाळेच्या पडवीत गावाला बसवतात, गावाकडूनच गावाचा नकाशा काढून घेतात, आणि काय बिघडलं आहे ते त्यावर गावालाच दाखवायला सांगतात. अक्षर बरं म्हणून नकाशा मी काढला. नासलेल्या विहिरींवर लाल फुल्या मारल्या. देवळामागच्या विहिरीचं पाणी आणून सगळ्यांनी ओंजळीने प्यायलं, मीही प्यायलो, आणि तिच्याभोवती निळं वर्तुळ काढून मी आत ‘गोड’ असं लिहिलं. या विहिरीवर पंप बसवून सगळ्या गावाला नळ द्यायचे, असं जवळपास ठरलं होतं. चैत्रातल्या सभेत पक्कं व्हायचं होतं.

त्याआधी दोघांनी वऱ्हाडात जाऊन यावं, असं संस्थेतल्या बाईंनी सुचवलं. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथे समुद्र नाही, पण जमिनीखालचं पाणी खारट आहे, आणि माणसं पिढ्यानपिढ्या त्यावर राहतात. ती कशी राहतात ते पाहून या, म्हणाल्या. गावाने मला निवडलं, कारण मी लिहून आणीन. आणि सुगंधाला निवडलं, कारण ती विचारील. सुगंधा खाडीत चिंबोऱ्या धरते आणि तालुक्याच्या बाजारात विकते. तिला प्रश्न विचारायची भीड नाही.

मला जायचं नव्हतं. माझी पुतणी मृणाल बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना होता. तिचे पाय सुजले होते, बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ राहायचा. तपासायला येणारी नर्स म्हणाली, रक्तदाब थोडा वर आहे, मीठ कमी करा. वहिनीने तिचं लोणचं, पापड, सुकी मासळी सगळं बंद केलं. निघताना तिने मला पाच पाच लिटरचे दोन कॅन भरून दिले. "भाऊजी, तिकडचं पाणी तोंडात घेऊ नका. हे पुरवून प्या. यांच्या विहिरीचं आहे."

मूर्तिजापूर

स्टेशनवर रफीकभाई मालवाहू रिक्षा घेऊन आले होते. ते गवंडी. घराच्या छपराचं पाणी साठवायची सिमेंटची टाकी बांधतात, पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत त्यांच्या हातची टाकी आहेत. त्यांनी माझे कॅन उचलून पाहिले.

"ह्याच्यात काय हाय, मास्तर?"

मी मास्तर नाही, पण चष्मा पाहून त्यांनी ठरवून टाकलं आणि मग सगळ्यांनी तेच धरलं. मी म्हणालो, "पाणी."

"पाणी? बाप्पा! खारपाणपट्ट्यात पाहुणे पाणी घेऊन येऊन राहिले आता! लय अच्छी गोष्ट हाय. पयले इकडं पोरगी द्याची म्हटलं त लोक घर नाई पाहत, जमीन नाई पाहत. इचारत, पाणी कुठून आणता?"

"मग पोरी देत नव्हते?" सुगंधाने विचारलं.

"देत होते न. माह्या सासऱ्यानं देली. पण पोरगी अजून बोलते मले."

रिक्षा दर्यापूरच्या दिशेने निघाली. वाटेत एका ठिकाणी छोट्या गाडीचे जुने रूळ गवतात गेलेले दिसले. कपाशी वेचून झाली होती, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. बाकी सगळा हरभरा. मला जमिनीची भीती वाटली, हे लिहायला संकोच वाटतो. आमच्याकडे नजर कुठेतरी अडते: डोंगर असतो, माड असतो, बांध असतो. इथे ती अडतच नाही. काळी माती क्षितिजापर्यंत सपाट, आणि फेब्रुवारीतच तिला हात जाईल एवढ्या भेगा. रिक्षा थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पाण्याचा आवाज कुठूनच येत नाही. दादा गेल्यापासून मला पाण्याच्या आवाजाने झोप लागत नाही. तो आवाज नसला तरी लागत नाही, हे इथे कळलं.

आम्ही उतरलो ते देविदासभाऊंकडे. पन्नाशीचे शेतकरी, बोलणं कमी. त्यांची बायको मंदाताई दारातच उभी होती. आम्ही आत पाऊल टाकलं आणि ती थांबली.

"व माय! घरात उंदीर मेला काय व?"

सुगंधाच्या पिशवीत सुकट होती. चार दिवस मासळीशिवाय काढायचे म्हणून तिने जवळा आणि बोंबील बांधून घेतले होते. घर माळकरी. सुगंधा शरमेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "उंदीर नाय वो, बोंबील हाय. तुमचा वास मना येतो तो काय, हिंगाचा? मी काय बोलली का?"

मंदाताईने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय ते आधी कळेना. मग पिशवी बाहेर कडुनिंबाला उंच बांधली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे फक्त बंद लोंबत होते. मांजराने पिशवीसकट नेली. "तुमचं मांजर तेवढं माळकरी नाय," सुगंधा म्हणाली, आणि चारही दिवस ते मांजर दिसलं की त्याला हात जोडत राहिली.

जेवायला ज्वारीची भाकरी, पाटोडीचा रस्सा आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडे तिखटाला ओल्या नारळाची सोबत असते. इथे तिखट एकटंच येतं. पाणी त्यांनी जारचं दिलं, थंड. मी वहिनीच्या कॅनमधलं प्यायलो. देविदासभाऊंनी ते पाहिलं.

पूर्णेकडे

सकाळी थंडी होती. देविदासभाऊ आम्हाला शेतावर घेऊन गेले. आधी विहीर दाखवली. मी कोरडी विहीर पाहायच्या तयारीने वाकलो, तर ती भरलेली. पाणी इतकं स्वच्छ की आतली कडेची वीटन् वीट मोजता आली असती.

"एवढं पानी! आनी तुमी रडता?" सुगंधा म्हणाली.

"प्या न," देविदासभाऊ म्हणाले. त्यांनी बादली ओढली.

मी एक घोट घेतला आणि थुंकला. सुगंधाने ओंजळभर प्यायलं, ओठ पुसले. "खारं हाय. पन एवढं काय नाय."

देविदासभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. "बाई, आमच्या बैलाले हे पाणी दाखवलं त मान फिरवते तो. तुमी पेल्या?"

"आमी खाडीतल्या," ती म्हणाली, आणि मला ती बढाई वाटली. तेव्हा तेवढंच वाटलं.

विहिरीच्या पलीकडे अर्धा एकर जागा उघडी पडलेली होती. वर पांढरी खपली, पायाने खरवडली की मिठासारखी सुटायची. आमच्या फुटलेल्या बांधाच्या आत आता अशीच खपली धरते. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. देविदासभाऊंनी सांगितलं, की वडिलांच्या पाठीमागे त्यांनी एका उन्हाळ्यात मोटर लावून तिथे विहिरीचं पाणी दिलं होतं.

"माय म्हणे, नको रे देवा, नको देऊ. मी म्हटलं, तुले काय समजते, सगळं जग पाणी देते. दोन महिने हिरवंगार होतं. मंग जमीन अशी झाली. गोटा. आता पंधरा साल झाले, काडी नाई."

"कावून ऐकलं नाही?" सुगंधाने त्यांच्याच बोलीत विचारून पाहिलं.

ते पहिल्यांदा हसले. "पाणी दिसत होतं न, बाई. डोयासमोर पाणी असल्यावर कोण ऐकते?"

परतताना गावात एका ओट्यावर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल, चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. देविदासभाऊंनी ओळख करून दिली, चुलतभाऊ. आठवड्यातून दोनदा अकोल्याला जातो, रक्त धुवायला. नळ येण्याच्या आधी यांच्या घरी हातपंपाचंच पाणी होतं. "पाण्यानंच झालं असं डॉक्टर म्हणत नाई," देविदासभाऊ नंतर म्हणाले. "नाई झालं असंही म्हणत नाई."

त्या माणसाने मला बसायला जागा करून दिली. मी बसलो आणि त्याच्या पायांकडे पाहत राहिलो. घोट्यावरच्या कातडीला तीच चकाकी होती, जी मी रोज संध्याकाळी आमच्या पडवीत पाहत होतो. मी स्वतःला समजावलं, की गरोदर बायकांचे पाय सुजतातच, सगळे म्हणतात.

डाळ

दुपारी मंदाताई माझ्याकडे आली. "मास्तर, तुमच्या डब्यातलं पाणी उरलं काय?"

एक कॅन भरलेला होता. मी विचारलं, कशाला.

"वरण करतो त्याच्यात. आमाले लगन झाल्यापासून मायीत नाई, गोड्या विहिरीच्या पाण्यात डाळ कशी होते ते. नळाचं पाणी येते आता, पण ते धरणाचं. विहिरीचं गोडं पाणी माह्या माहेरी होतं, तिवस्याकडं. त्यात डाळ अशी फुलते, अशी फुलते..." तिने दोन्ही हातांनी फुललेली डाळ दाखवली.

मला बरं वाटलं. दादाच्या विहिरीचं पाणी कुणीतरी मानाने मागत होतं. मी कॅन दिला. तिने चुलीवर शेजारी शेजारी दोन पातेली ठेवली. दोन्हींत तूरडाळ एकाच डब्यातली, एकाच वाटीने मोजलेली. एकात नळाचं पाणी, एकात आमचं. कुकर होता घरात, पण चव पाहायची म्हणून तिने पातेली घेतली. सुगंधा आणि मी समोर बसून हिरव्या हरभऱ्याचा भाजलेला हुळा सोलत होतो. हात काळे झाले होते.

अर्ध्या तासाने मंदाताईने नळाच्या पाण्यातली डाळ पळीने उचलली. मऊ झाली होती. आमच्या पाण्यातली उचलली. दाणा न् दाणा वेगळा. तिने एक दाणा बोटांत दाबला, तो फुटला नाही, निसटला.

तिने जाळ वाढवला. अजून पाव तास गेला. पहिल्या पातेल्यातलं वरण घोटून तिने खाली उतरवलं. दुसऱ्यातलं पाणी पिवळं झालं होतं आणि खाली डाळ तशीच होती. तिने कॅन उचलला, झाकणात थोडं पाणी ओतलं आणि जिभेला लावलं. मग नवऱ्याला हाक मारली. देविदासभाऊंनीही झाकणातलं चाखलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माझ्याकडे कुणी पाहीना.

"मास्तर," देविदासभाऊ शेवटी म्हणाले, "हे पाणी कुठलं?"

"देवळामागच्या विहिरीचं. गोड आहे."

"कोण म्हणते?"

मी म्हणालो, सगळे. सगळ्या गावाने पिऊन पाहिलंय. नकाशात लिहिलंय.

"हे खारं हाय, भाऊ," मंदाताई हळू म्हणाली. "आमच्या विहिरीएवढं नाई. पण खारं हाय. जिभेले सवय होऊन जाते. थोडं थोडं वाढत गेलं त जिभेले समजत नाई. डाळीले समजते. आमच्याकडं बाया डाळीवरूनच पाहतात."

सुगंधाच्या हातातला हुळा खाली पडला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "नाना, आमचीपन डाल शिजत नाय."

"काय?"

"दिवाळीपासून. चार शिट्ट्या, सहा शिट्ट्या. वहिनीची नाय शिजत, माझी नाय शिजत. आमी वान्याला शिव्या देतो ना, जुनी डाल देतो म्हनून! मी त्याच्या तोंडावर डाल फेकून आली, नाना, त्याच्या पोराबालांसमोर."

मला आठवलं. वहिनी रोज म्हणायची, डाळ वाईट आली, गॅस संपतोय. मी जेवता जेवता मान हलवायचो. अख्खं गाव दुकानदाराला बोलत होतं. मीठ कमी करा म्हटल्यावर वहिनीने मृणालच्या ताटातून मीठ काढलं होतं, आणि तिला दिवसातून दहा वेळा तांब्या भरून पाणी देत होती. गरोदर बाईने पाणी भरपूर प्यावं म्हणून.

मी उठून बाहेर गेलो. अंगणात उभं राहून घरी फोन लावला. हाताची काजळी फोनला लागली. वहिनीला सांगितलं, मृणालला विहिरीचं पाणी देऊ नका, बाटलीचं आणा, कुठूनही आणा. ती आधी हसली. मग मी डाळीचं सांगितलं.

"भाऊजी, तुम्ही कुणाच्या घरी बसून हे बोलताय?"

"वहिनी, ऐका—"

"त्यांनी ज्या पाण्यापायी जीव घालवला ते पाणी खारं म्हणता? परक्यांच्या चुलीवर डाळ नाही शिजली म्हणून?"

सुगंधाने माझ्या हातातून फोन घेतला. "सुलभे, गप बस आनी ऐक. मी बी त्याच विहिरीचं पिते. माझी जीभ मेलीय, तुझी बी मेलीय. पोरीच्या पोटात पोर हाय, तिला नको पाजू..." मग ती थांबली. वहिनीने फोन ठेवला होता.

त्या दिवशी जेवताना नळाच्या पाण्यातलं वरण सगळ्यांनी खाल्लं. दुसरं पातेलं मंदाताईने चुलीवरून उतरवलं नाही. संध्याकाळी पाहिलं तेव्हाही डाळ तळाशी अख्खी होती.

अकोला

देविदासभाऊ म्हणाले, डाळीवर गावची सभा बदलत नाही, कागद पाहिजे. म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो, पाण्याच्या प्रयोगशाळेत. काउंटरवरच्या माणसाने बाटली घेतली, चिठ्ठी चिकटवली, कुठलं पाणी ते लिहून घेतलं. मी जिल्हा सांगितला तेव्हा त्याने वर पाहिलं. "रायगड? समुद्राजवळ? आणि तुमी अकोल्याले आणलं तपासाले?"

दुपारी कागद मिळाला. आकडे मला कळले नाहीत. खाली ‘पिण्यास अयोग्य’ असं लिहिलं होतं. ते मला कळलं. कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि दर थोड्या वेळाने खिशावरून हात फिरवून पाहत राहिलो, जणू तो हरवला तर पाणी पुन्हा गोड होणार होतं.

तिथूनच मृणालला फोन केला. ती हळू बोलत होती. "काका, आई समोर बसून पाजते. बाबांची विहीर म्हणते. मी नाही म्हटलं तर रडते. मी काय करू?"

"डोकं दुखतं का?"

"सकाळपासून."

त्यानंतरच्या दिवसाचं माझ्याजवळ सलग असं काही नाही. अमरावतीजवळची शेततळी पाहायची ठरली होती, ती मी रद्द केली. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती, त्याआधीची मिळाली नाही. मी देविदासभाऊंच्या ओट्यावर बसून होतो. सुगंधा मात्र रफीकभाईंच्या मागे लागून त्यांनी नुकत्याच बांधलेल्या, अजून कोरड्या टाक्यात उतरली. मोजपट्टी नव्हती, तर तिने सुतळी घेतली आणि खोलीला एक गाठ, रुंदीला एक गाठ, झाकणाला एक गाठ अशा मारत गेली.

"पयल्या पावसाचं पाणी आत घ्याचं नाई," वरून रफीकभाई सांगत होते. "छप्पर धुऊन जाऊ द्याचं. मंग पाइप जोडाचा. अन् झाकण पक्कं. उजेड गेला आत त शेवाय पकडते."

"किती दिवस पुरतं?"

"पेयाले अन् सयपाकाले ठेवलं त पुढच्या पावसापर्यंत. त्याच्यात आंघोया केल्या त दिवाळीतच खतम."

"नवरे आंघोली करतात, आमी नाय करत," आतून सुगंधा म्हणाली. रफीकभाई इतके हसले की त्यांना कठड्याला धरावं लागलं. मी बसल्या जागेवरून ते हसणं ऐकलं. मला ते कळत होतं, पण माझ्यापर्यंत येत नव्हतं.

निघताना मंदाताईने सुगंधाच्या हातात डाळीची पुरचुंडी दिली. मला म्हणाली, "पोट्टी चांगली राहीन, मास्तर. तुमाले कळलं न आता. आमच्याकडं कळेपर्यंत लोक बसले."

घरी

मी पोहोचलो तेव्हा मृणाल पडवीत भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या बाजूला तांब्या होता. मी कागद दाखवला नाही. अकोल्याच्या कागदाला वहिनीने काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, वाटेत घेतलेलं बाटलीचं पाणी एका पातेल्यात ओतलं, हंड्यातलं दुसऱ्यात, आणि मंदाताईची डाळ सारखी वाटून दोन्हींत टाकली. मी या घरात इतकी वर्षं राहिलो, पण चुलीपाशी कधी गेलो नव्हतो. वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. तिने मला थांबवलं नाही. पाऊण तास आम्ही दोघं तशीच उभी होतो.

मग तिने स्वतःच पळी घेतली. पहिल्यातली डाळ पाहिली, दुसऱ्यातली पाहिली. दुसऱ्यातला एक दाणा काढून तिने दातांखाली धरला. पडवीत गेली, मृणालच्या बाजूचा तांब्या उचलला आणि परसात ओतला. बाटलीतलं पाणी पेल्यात काढून तिच्या हातात दिलं.

दोनच दिवसांनी मृणालचं डोकं फार दुखायला लागलं, तिला डोळ्यांपुढे चमकतंय असं वाटू लागलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. तीन आठवडे ती तिथेच होती. त्या तीन आठवड्यांत मी काय वाचलं ते आठवत नाही. हातात पुस्तक असायचं. मूल दिवस भरण्याआधीच झालं, मुलगी, वजनाने फार कमी. काचेच्या पेटीत ठेवलं होतं. डॉक्टरांना मी विचारलं, पाण्यामुळे का? ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही, पाणी बदललंत ते बरं केलंत. देविदासभाऊंकडून ऐकलेलंच ते वाक्य होतं.

चैत्रातली सभा झाली. मी नकाशा भिंतीला लावला आणि निळ्या वर्तुळावर लाल फुली मारली. देवळाचे एक पंच उठून म्हणाले, "वसंताचा भाऊ वऱ्हाडात गेला आणि विहीर नासवून आला." काही जण हसले. सुगंधा म्हणाली, "घरी जा, डाल टाका आनी मग या बोलायला." त्या रात्रीपर्यंत कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंच आमच्या दारात आले आणि टाक्याबद्दल विचारलं. पंप आणि नळ आता होणार नाहीत. सुगंधा दुकानदाराकडे गेली होती. तिने काय म्हटलं ते सांगत नाही, पण आता तो तिला वाणसामान बांधून देताना डाळ वर ठेवतो आणि म्हणतो, बघून घ्या बाई.

शाळेमागे गावाने एक टाकं बांधलं, सुतळीच्या गाठींप्रमाणे. पावसाला अजून दीड महिना आहे. टाकं कोरडं आहे. टँकर दिवसाआड येतो. मृणाल आणि बाळ घरी आहेत, बाळाचं वजन हळूहळू वाढतं आहे. मृणाल टँकरचं पाणी उकळून पिते, मीही पितो. वहिनी विहिरीचं पिते.